फॉलोअर्स आहेत, वाचक कुठे आहेत?

ब्लॉग लिहिणाऱ्या मंडळींकडून सध्या एकच रड ऐकू येते. पोस्टमध्ये लिंक टाकली की पोस्ट मरते, म्हणजे फारशी कुणाला दाखवलीच जात नाही. मरते, खरं आहे. पण त्यावर जो इलाज सर्रास केला जातो तो मला अजिबात पटत नाही. तीच लिंक, तेच चित्र, तेच "नवीन लेख आलाय, नक्की वाचा" एका बटणावर सहा ठिकाणी पाठवायचं. फेसबुक, एक्स, लिंक्डइन, थ्रेड्स, टेलिग्राम, व्हॉट्सॲप. म्हणजे रस्त्यात उभं राहून पत्रकं वाटायची आणि लोकांनी ती न वाचता चुरगाळली की म्हणायचं, वाचनसंस्कृती संपली.

लिंक का मरते यात कसलंही गूढ नाही. तुम्ही जितका वेळ त्यांच्या ॲपमध्ये तितकी त्यांची जाहिरात. बाहेर जाणारा प्रत्येक क्लिक हा त्यांचा तोटा. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या मजकुरातली लिंक तर दाबताच येत नाही. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये उघड जाहीर केलं की यापुढे फीडमध्ये घरच्यांच्या, मित्रांच्या पोस्टना झुकतं माप मिळेल, पेजेसचा मजकूर कमी दिसेल. एक्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये लिंकवरची शीर्षकंच उडवली. नुसतं चित्र आणि त्याच्या कोपऱ्यात साइटचं नाव दिसायचं, लेख कशावर आहे हे कळायचं नाही. पुढे शीर्षक परत आलं, पण चित्रावरच, बारीक अक्षरांत. यात कुणाचा कट नाही. धंदा आहे, आणि तो त्यांचा आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की सोशल मीडियावर लेखाची जाहिरात करू नका. लेखातली एक गोष्ट तिथेच, पूर्ण, फुकट देऊन टाका. ज्याला पुढचं हवं असेल तो येईल. जो येणार नाही तो तसाही येणार नव्हता.

मी सायकल दुरुस्तीवर लिहितो, तर तिथलंच उदाहरण घेतो. साखळीच्या देखभालीवरचा एक लांबलचक लेख आहे. त्याची पोस्ट "साखळीची निगा कशी राखाल? वाचा सविस्तर" अशीही करता येते. आणि अशीही करता येते: "साखळीला तेल घालून तशीच सायकल बाहेर काढू नका. तेल आतल्या रोलरना हवं असतं, बाहेरच्या पट्ट्यांना नाही. थेंब थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा, थोडा वेळ मुरू द्या आणि मग कोरड्या फडक्याने बाहेरून पुसून घ्या. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं." संपली पोस्ट. वाचणाऱ्याचं काम तिथेच झालं. खाली एक ओळ: साखळी झिजली आहे की नाही हे नुसत्या पट्टीने कसं मोजायचं, ते ब्लॉगवर. (एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक पूर्ण जोड. असे बारा जोड बरोबर बारा इंच भरायला हवेत. एक सोळांश इंच जास्त भरले की साखळी बदलायची. बघा, इथेही देऊन टाकलं.)

पहिल्या पोस्टला लाइक मिळतात. दुसरीला प्रश्न मिळतात, आणि मला प्रश्न जास्त प्यारे आहेत. "पावसात चालवतो, तर कुठलं तेल?" हा प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला की समजायचं, पुढचा लेख सापडला. शिवाय तो लेख तयार झाल्यावर कुणाला पाठवायचा हेही ठरलेलं असतं.

हेच दुसऱ्यांच्या जागी जाऊन करायचं असेल, म्हणजे फेसबुकचे ग्रुप असोत की रेडिट, तर आणखी जपून. आधी उत्तर पूर्ण द्यायचं. लिंक कुणी मागितली तर द्यायची, किंवा लेखातल्या आकृतीशिवाय समजणारच नाही अशी गोष्ट असेल तर. ग्रुपमध्ये शिरल्या शिरल्या स्वतःची लिंक चिकटवणारा माणूस ॲडमिनला दुरून ओळखू येतो.

आता थोडं तांत्रिक, कारण इथे बरेच जण हकनाक हरतात. लिंक पेस्ट केल्यावर जे कार्ड दिसतं, ते ब्लॉगच्या पानावरच्या ओपन ग्राफ टॅगमधून, म्हणजे शीर्षक आणि चित्र कुठलं ते सांगणाऱ्या पानाच्या कोडमधल्या ओळींतून येतं. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवा, नाहीतर डोकं किंवा पाय कापले जातात. लेखाचं शीर्षक मागाहून बदललंत तरी फेसबुक जुनंच दाखवत राहतं, कारण पहिल्यांदा वाचलेलं कार्ड त्याने साठवून ठेवलेलं असतं. शेअरिंग डिबगर नावाचं त्यांचंच एक पान आहे, तिथे लिंक टाकून पुन्हा वाचायला लावायचं. दोन मिनिटांचं काम.

आणि व्हॉट्सॲपवरून येणारे वाचक आकडेवारीत बहुधा व्हॉट्सॲपच्या नावावर दिसतच नाहीत. तिथून लिंक उघडली की ब्राउझरला माणूस कुठून आला हे सहसा कळत नाही, म्हणून तो "डायरेक्ट" या रकान्यात जाऊन बसतो. या अदृश्य वाटांना अलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने २०१२ मध्येच डार्क सोशल म्हटलं होतं. लेखाच्या खाली व्हॉट्सॲपचं बटण देताना लिंकला यूटीएमचं शेपूट (वाचक कुठून आला ते सांगणारे जादा शब्द) जोडलं, तर निदान त्या बटणावरून गेलेल्यांचा माग लागतो. हाताने कॉपी करून पाठवणाऱ्यांचा नाही लागत, आणि खरे चाहते तेच असतात.

आता सिंडिकेशनकडे, म्हणजे एकच लेख अनेक ठिकाणी छापून आणण्याकडे वळतो. कल्पना वर्तमानपत्रांच्या जमान्यातली. एकदा काढलेली चित्रपट्टी, एकदा लिहिलेलं सदर शेकडो दैनिकांत छापून आणायचं, हे काम किंग फीचर्स सिंडिकेट १९१५ पासून करतंय. त्यात आजही शिकण्यासारखं एक आहे: ज्या दैनिकात ते छापून यायचं, तिथे वाचक आधीपासून असायचे आणि काय छापायचं ते ठरवणारा संपादकही असायचा. आपल्याकडे सिंडिकेशन म्हटलं की लोक आरएसएस फीड (ब्लॉगवरच्या नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी) उचलून आपोआप लेख चिकटवणाऱ्या साइट शोधायला लागतात. जिथे निवडणारं कुणी नाही तिथे वाचणारंही कुणी नसतं. असल्या शंभर साइटपेक्षा एका चालत्या न्यूजलेटरच्या संपादकाने लेख मागितला तर ते मोलाचं.

पण देताना अटी घालायला लाजू नका. एकच लेख दोन ठिकाणी दिसला म्हणून गूगल शिक्षा करतं, असा एक समज आहे. शिक्षा वगैरे होत नाही. गूगल त्यातली एक प्रत निवडून दाखवतं, आणि ती तुमचीच असेल याची खात्री नसते. मोठी साइट बाजी मारू शकते, म्हणजे तुमच्याच शीर्षकाने शोधलं तरी दुसऱ्याचं पान वर. यासाठी २००९ पासून कॅनॉनिकल टॅग आहे: मूळ लेख कुठला, हे प्रतीच्या पानावरच सांगायचं. मीडियम या लेखनाच्या साइटवर तिच्याच इंपोर्ट सुविधेतून लेख नेला तर तो टॅग आपोआप लागतो. कॉपी-पेस्ट केला तर नाही, हा फरक लक्षात ठेवा. मात्र २०२३ मध्ये गूगलने आपल्या मार्गदर्शनात बदल केला. दुसऱ्याच्या साइटवर लेख देत असाल तर कॅनॉनिकलवर विसंबू नका, त्यांनी ते पान नोइंडेक्स करावं, म्हणजे शोधात दाखवू नये असं गूगलला सांगावं, असं आता त्यांचं सांगणं आहे. मोठ्या साइट याला सहसा तयार होत नाहीत. मग निर्णय तुमचा. तिथले वाचक मिळणार असतील आणि लेखाच्या सुरुवातीलाच, तळाशी नव्हे, मूळ लिंक देणार असतील तर मी देतो. पण आधी लेख माझ्या ब्लॉगवर येतो, गूगलमध्ये दिसायला लागतो, मग बाहेर जातो. आणि शक्यतो जुने लेख देतो. साखळीचा लेख दोन वर्षांनीही शिळा होत नाही, पण जुना लेख पुन्हा बाहेर काढायचा बहुतेकांना उगाच संकोच वाटतो.

न विचारता लेख उचलणाऱ्यांचं काय? लेखात स्वतःच्या इतर लेखांच्या लिंका मजकुरात मिसळून ठेवा. आंधळेपणाने उचलणारा त्याही उचलतो, आणि त्या तुमच्याकडेच आणतात.

स्वतःच्या जागी आधी छापायचं आणि मग इतरत्र पाठवायचं, याला इंडीवेबवाले, म्हणजे स्वतःच्या मालकीच्या साइटचा आग्रह धरणारी मंडळी, पॉसी म्हणतात. त्यामागचं कारण गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिलंय. ब्लॉगचे फीड वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं. गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेलं. लेख फेसबुकच्या ॲपमध्येच उघडणारे त्यांचे इन्स्टंट आर्टिकल्स २०१५ मध्ये वाजतगाजत आले आणि २०२३ मध्ये गुंडाळले गेले. तिथे जमवलेले फॉलोअर्स कुणालाही गाठोड्यात बांधून नेता आले नाहीत. ईमेलची यादी मात्र सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल करून उचलता येते, आणि आज ज्या सेवेत आहे तिथून उद्या दुसरीकडे हलवता येते. वेगवेगळ्या साइटवरच्या लोकांना एकमेकांना फॉलो करू देणारं ॲक्टिव्हिटीपब हे मानक जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मान्य केलं. वर्डप्रेसवर त्याचं प्लगइन टाकलं तर मॅस्टोडॉन या खुल्या सोशल नेटवर्कवरचे लोक थेट तुमच्या ब्लॉगलाच फॉलो करू शकतात. मला हे आवडतं, पण सर्वसामान्य वाचक अजून ईमेलवरच सापडतो.

म्हणून माझ्या लेखाच्या शेवटी "फेसबुकवर फॉलो करा" नसतं, ईमेलचा रकाना असतो. उलट दिशेने मी वाचकाला कधीच पाठवत नाही. ब्लॉगवर आलेल्या माणसाला पुन्हा फेसबुकवर धाडणारे दहा चिन्हांचे पट्टे पाहिले की मला कळत नाही, नक्की कुणाचा वाचक कुणाला देताय?

"एवढं सगळं करायला वेळ कुठून आणायचा?" हा प्रश्न येणारच. सहापैकी चार ठिकाणं सोडून द्या, मिळेल. मी इन्स्टाग्राम केव्हाच सोडलं. तिथे रील लागतात, रीलला कॅमेरा धरायला दुसरा माणूस लागतो आणि माझे दोन्ही हात ग्रीसने बरबटलेले असतात. ज्यांच्याकडे तो दुसरा माणूस आहे त्यांनी खुशाल करावं, सायकलची दुरुस्ती रीलमध्ये छान दिसते.