खुलासा: ‘टॉक्सिक’मधली व्हायोलिन मांडोतली नव्हे

पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’ या गाण्यातली ती किंचाळणारी व्हायोलिन जुन्या गोमंतकीय मांडोतून (संथ कोकणी प्रेमगीतातून) उचललीय, असा संदेश सध्या पणजी-मडगावात फिरतोय. तसं नाही. ती १९८१च्या ‘एक दूजे के लिए’मधल्या ‘तेरे मेरे बीच में’ची आहे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. ब्लडशाय अँड अवांट या स्वीडिश संगीत-निर्मात्यांच्या जोडीने तिचे तुकडे २००३च्या गाण्यात जोडले. मूळ गाण्यात कडव्यांमधलं संगीत कान देऊन ऐका, लगेच सापडेल.

चित्रपटाची कथा गोव्यात घडते, घोळ बहुधा तिथूनच झाला. (मांडोची संथ लय ठाऊक असलेल्याला हे पटलं तरी कसं?) गोव्याचं नातं हवंच असेल, तर प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे.