सून, सूनर, सूनेस्ट

शनिवारी सकाळी पोह्यांची बशी हातात असताना चिरंजीव इंग्रजीचं पुस्तक घेऊन समोर आले, तेव्हाच मी दाढीचं निमित्त करून उठायला हवं होतं.

"बाबा, सोमवारी टेस्ट आहे. अ‍ॅडव्हर्बच्या डिग्र्या घ्या ना."

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. आमच्या मराठी शाळेत ते पाचवीत भेटायचं. त्यामुळे माझं आणि इंग्रजीचं नातं चुलतसासऱ्यासारखं. आदर आहे, लगट नाही. पण बापाने 'येत नाही' म्हणायचं नसतं.

"सोपं आहे. मागे 'अर' लावायचा, मग 'एस्ट'. फास्ट, फास्टर, फास्टेस्ट. हार्ड, हार्डर, हार्डेस्ट. आता स्लोली सांग."

"स्लोलीअर, स्लोलीएस्ट."

"शाब्बास!"

पुस्तकात मागे उत्तर निघालं मोअर स्लोली, मोस्ट स्लोली. म्हणजे ज्याला आधीच 'ली'चं शेपूट आहे त्याला दुसरं शेपूट चालत नाही, पुढे मोअर-मोस्टचे चोपदार उभे करायचे.

"मग अर्लीचं मोअर अर्ली ना?"

"अर्थात."

पुस्तक म्हणालं, अर्लिअर. पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी पोह्यातला शेंगदाणा शोधत विचार केला आणि मला एकदम दिसलं: स्लोलीची 'ली' काढली तर स्लो उरतं. अर्लीची काढली तर उरतं नुसतं 'अर्', आणि त्याचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही. हा माझा आयुष्यातला एकमेव भाषाशास्त्रीय शोध. तो चिरंजीवांनी "बरं" म्हणून निकालात काढला.

वेल-बेटर-बेस्ट त्याला येत होतं. बॅडलीचं वर्स होतं हे पटवायला स्वारगेटच्या चौकाचं उदाहरण पुरलं.

हार्डलीपाशी मात्र मी स्वतः थांबलो. मागे हापिसात स्वतःच्या कामाबद्दल स्वतःच भरायचा फॉर्म आला होता. कष्टाने काम करतो म्हणून मी हार्डला भक्कम 'ली' जोडून लिहिलं, 'आय वर्क हार्डली.' म्हणजे मी जेमतेमच काम करतो. साहेबांनी खाली एकच शब्द लिहिला होता. 'सहमत.' हे पोराला सांगायचं नव्हतं, पण सांगून बसलो. त्या सकाळी पाठ झालेला तो एकमेव नियम.

मग तो खड्या आवाजात घोकायला लागला, "सून, सूनर, सूनेस्ट!"

मेथी निवडणाऱ्या आईचा हात थांबला. "सुनेचं काय म्हणतोय रे हा?"

"आई, इंग्रजीतलं सून. म्हणजे लवकर. सूनर, त्याहून लवकर."

"त्याला एवढं घोकायला कशाला हवं? 'पेक्षा' लावलं की झालं. शेजारच्या बंड्यापेक्षा तुला नेहमी कमी मार्क पडायचे, सगळ्या वाड्याला कळायचं." आईने एक काडी मोडून बाजूला टाकली. "आणि 'सर्वात'ही लावलेलं आहे मी. सहामाहीला."

स्वयंपाकघरात कढई जरा जोरातच आपटली. मूळ सून ऐकत होती.

"लवकरच्या डिग्र्या चालल्यात ना? मग आपल्या नळाच्याही सांगा त्याला. दिवाळीत म्हणालात 'लवकर बदलतो'. संक्रांतीला 'लवकरच बदलतो'. आणि परवा 'आणतोच'!"

पोराने वहीत कोपऱ्यात ते ओळीने लिहून घेतलं: लवकर, लवकरच, आणतोच. मी खोड म्हणालो. आजी म्हणाली, राहू दे.

यापुढे बसण्यात अर्थ नव्हता. पिशवी उचलली, चपला चढवल्या आणि फास्टेस्ट चालत कोपऱ्यावरचं नळांचं दुकान गाठलं. एक वाजून पाच मिनिटं झाली होती. शटर खाली. वर पाटी होती:

'दुपारी १ ते ४ बंद. शटर वाजवल्याने लवकर उघडत नाही.'