पदराच्या गाठीतल्या निळ्या गोळ्या

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंनी आज पदराची गाठ सोडून पाच निळ्या गोळ्या ओट्यावर ठेवल्या आणि विचारले, "वहिनी, ह्या टाकून देऊ का? ह्यांनी मलेरिया वाढतो म्हणे." त्यांची मुलगी कोपरखैरण्याच्या शाळेत आठवीत आहे. दर आठवड्याची लोहाची गोळी, बाईंची पाठ वळली की ती मुठीत लपवत होती, आणि आईचीही त्याला संमती होती, कारण आमच्याच इमारतीतल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी त्यांना तसा व्हिडिओ पाठवला होता.

अर्धी बातमी पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. टांझानियाच्या पेंबा बेटावर, जिथे फाल्सिपेरम ह्या मलेरियाच्या सर्वांत घातक प्रकाराचा कहर होता, तिथे लहान बालकांना रोज लोह व फॉलिक ॲसिड दिल्यावर मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढले, हे २००६ साली प्रसिद्ध झाले आणि ते खरेच आहे, एवढे मान्य करते. पण मलेरिया जवळपास नसलेल्या नेपाळमधील तशाच चाचणीत असा अपाय दिसला नाही, आणि पेंबातही ज्या लोहाची कमतरता असलेल्या मुलांच्या मलेरियावर वेळेवर उपचार झाले, त्यांना लोहाचा फायदाच झाला, हे व्हिडिओवाले गाळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये मलेरियाग्रस्त भागांतील मुलांसाठीही लोहाची शिफारस कायम ठेवली. सोबत मलेरियाचा प्रतिबंध, तपासणी आणि उपचार हवेत, एवढीच अट घातली. शिवाय पेंबातली मुले तीन वर्षांच्या आतली होती आणि त्यांना रोज लोह मिळत होते. ही तेरा वर्षांची मुलगी आठवड्यातून एकदा ६० मिलिग्रॅम घेते.

ताईंच्या चाळीशेजारी इमारतीच्या पायाचा खड्डा महिनोन्‌महिने पाण्याने भरलेला आहे. त्याचा व्हिडिओ मात्र कोणी पाठवत नाही! ताप आला तर गोळी थांबवून आधी रक्त तपासा, हे मी ताईंना सांगितले; पण ताप नसताना, खालची पापणी ओढली की आतून पांढरीफटक दिसणाऱ्या, म्हणजे अंगात रक्त कमी असल्याची खूण असलेल्या मुलीची गोळी कशासाठी बंद करायची?

रागाच्या भरात मी ताईंनाच बोलले, याचे आता वाईट वाटते. त्या लेकीच्या काळजीपोटीच विचारायला आल्या होत्या. संध्याकाळी मुलीशी फोनवर बोलले, तेव्हा कळले की तिने तो व्हिडिओ पाहिलेलाच नाही. उपाशीपोटी गोळी घेतली की तिला मळमळते, म्हणून ती लपवायची. घामाने रंग उतरलेल्या त्या पाच गोळ्या टाकून दिल्या. सोमवारची गोळी ती घेणार आहे, पण डबा खाल्ल्यावरच, आणि तसे बाईंना मी सांगायचे, असे तिने बजावले आहे.