सिस्टीममध्ये तुमची गाडीच नाही

डाव्या हेडलाइटचा डिपर गेला. अप्पर मात्र ठणठणीत. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत उजेड मारून शिव्या खायला गाडी तयार, सभ्यपणे चालायला नाही. गेलेला बल्ब रुमालात गुंडाळून स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. त्याच्या बुडावर 'एच ४, १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट' एवढं सगळं लिहिलेलं. यात बोलण्यासारखं काय असणार?

"गाडी कुठली?" काउंटरवरच्या मुलाने मॉनिटरकडे बघत विचारलं.

सांगितली.

"पेट्रोल की डिझेल?"

बल्ब काय पितो, हे मला खरंच माहीत नव्हतं. पेट्रोल म्हणालो. मग चॅसी नंबर. हा १७ अक्षरी नंबर ठरवणाऱ्यांनी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम गाळलीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. पोराने प्रत्येक शून्याला ओ दाबला आणि जाहीर केलं, "सिस्टीममध्ये तुमची गाडीच नाही."

"बाहेर उभी आहे."

"सिस्टीममध्ये नाही."

काउंटरला रेलून एक काका उभे होते. गिऱ्हाईक होते की फर्निचर, कळायला मार्ग नव्हता. ते म्हणाले, "बल्ब नाही गेलाय. अल्टरनेटर गेलाय."

"काका, फिलामेंट तुटलेली दिसतेय."

"दिसतंय ते लक्षण. मी रोग सांगतोय. सकाळी स्टार्ट करताना कुरकुरते?"

"नाही."

"कुरकुरेल."

गाडीला वीज पुरवणारा अल्टरनेटर जास्त व्होल्टेज सोडायला लागला की बल्ब उडतात, हे खरं आहे. पण मग त्याचा राग एकट्या डाव्या डिपरवरच का? हे विचारलं, तर काकांनी आपल्या आजवरच्या तीन गाड्यांचे अल्टरनेटर क्रमाने सांगितले. दुसऱ्याच्या वेळी तर त्यांचा आवाज जड झाला.

तेवढ्यात मुलाने हाताशीच असलेला खण उघडून बल्ब काढला. सिस्टीम तशीच उघडी. मी हात पुढे करेपर्यंत काकांनी खोकं फोडून काचेवरून अंगठा फिरवलासुद्धा.

"अहो, हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये! बोटाचं तेल लागतं, तेवढीच जागा जास्त तापते, बल्ब लवकर जातो."

"असं होय," म्हणत काकांनी तो शर्टाला पुसला.

दुसरा द्या म्हणालो, तर मुलगा म्हणे खोकं फुटलं. आणि मी, भिडेखातर की थकून, पैसे दिले. याचाच मला जास्त राग आहे.

नवव्या दिवशी बल्ब गेला. परत नेला तर मुलाने बिलावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. मग बल्ब उजेडात धरला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"काचेला हात लावला होतात ना तुम्ही?"

काका तिथेच होते. हळहळून म्हणाले, "अल्टरनेटर बघितलाच नाहीत शेवटी."

नवा घेतला. या वेळी खोकं काकांच्या हाती लागायच्या आत खिशात घातलं.