‘बड्यांचे चोचले’ म्हणणाऱ्या भोसरीकरांना

भोसरीकर, नमस्कार.

भागीदार कंपन्यांमधल्या डेटा शेअरिंगवरच्या मागच्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते दोन ओळींत निकालात काढण्यासारखं नव्हतं, म्हणून हे सविस्तर उत्तर. इतरांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. एक, एअरबसचं ए-३८० विमान रखडलं ते फ्रेंच आणि जर्मन साहेबांच्या भांडणात, मी उगाच सॉफ्टवेअरवर खापर फोडतोय. दोन, भागीदार कंपन्यांनी थ्रीडी मॉडेल आणि रिव्हिजनची (ड्रॉइंगच्या बदललेल्या आवृत्त्यांची) देवाणघेवाण शिस्तीत करावी हे बड्यांचे चोचले आहेत. आठ मशीनच्या मशीनिंग शॉपला पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. आणि तीन, जे तुम्ही चांगलंच तापून लिहिलंय: ‘डेटा शेअरिंग’ म्हणजे डोकं आम्ही लढवायचं आणि ग्राहक कंपनीच्या परचेसवाल्यांनी ते शेजारच्या गाळ्यात नेऊन निम्म्या भावात करून घ्यायचं.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी तुमच्याच बाजूचा आहे. फिक्स्चर (जॉब मशीनवर पकडून ठेवणारी जोडणी) कसं बांधलं, क्लॅम्प कुठे दिला, दोन सेटिंगचं काम एकात कसं बसवलं, हे तुमचं भांडवल आहे आणि ते कुणी मागितलं म्हणून देऊन टाकायचं नसतं. पण ‘सगळं मागतात’ म्हणून हात वर करण्याआधी नेमकं काय मागायचा त्यांना हक्क आहे ते बघा. पीपॅपच्या (नवा पार्ट मंजूर करून घेताना ग्राहकाला द्यायच्या कागदपत्रांच्या) १८ बाबी काढून वाचा. त्यात प्रोसेस फ्लो आहे, पीएफएमईए (प्रोसेसमध्ये काय चुकू शकतं याचा तक्ता) आहे, कंट्रोल प्लॅन आहे, चेकिंग एड्ससुद्धा आहेत. मशीनिंग फिक्स्चरचं मॉडेल त्यात कुठेही नाही. एसक्यूए (पुरवठादारांची गुणवत्ता बघणाऱ्या) इंजिनिअरने मेलवर मागितलं की आपल्याकडचा पोरगा सॉलिडवर्क्स या डिझाइन सॉफ्टवेअरची मूळ फाइल फीचर ट्रीसकट (मॉडेल कसं बांधत नेलं त्या पायऱ्यांसकट) पाठवून देतो, हा खरा घोळ. क्लॅम्पिंगची जागा आणि जॉबभोवतीची बाहेरची हद्द दाखवणारी स्टेप फाइल (कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी, नुसत्या आकाराची फाइल) दिली तरी त्यांचं काम भागतं. ट्री गेली की मॉडेल मुकं होतं; कुठला स्केच कशावर बांधला ते त्यातून कळत नाही. अपवाद एकच: टूलिंग कॉस्ट ग्राहकाने वेगळी मोजली असेल तर ते फिक्स्चर बहुधा त्याचंच असतं. पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) मागच्या पानावर बारीक अक्षरात हे असतं, आणि ते पान आपल्याकडे कुणी वाचत नाही.

कायदा तुम्हाला फार मदत करणार नाही, हेही मान्य. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने २०२४ साली २८९ व्या अहवालात तसा कायदा करावा अशी शिफारस केली, पण आज तुमच्या हातात काय आहे, तर १८७२चा करार कायदा आणि तुम्ही सही केलेला एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार. तो एनडीए एकतर्फी असतो. त्यांचं ड्रॉइंग गुप्त, तुमची सुधारणा मात्र कुणाची तेही लिहिलेलं नसतं. सही करण्याआधी ‘दोन्ही बाजूंनी’ एवढे शब्द घालून मागा. मोठी कंपनीसुद्धा पुष्कळदा घालून देते, कारण त्यांच्या लीगलला त्यात काही जात नाही. मागितलं नाही तर कोण देणार?

आता एअरबस. तुम्ही म्हणता राजकारण. होतंच. पण ते राजकारण शेवटी बाहेर कुठून पडलं ते पाहा. जर्मनी आणि स्पेनमधले डिझायनर कॅटिया या डिझाइन सॉफ्टवेअरच्या व्ही-४ वर, फ्रान्स आणि ब्रिटनमधले व्ही-५ वर. व्ही-५ ही व्ही-४ची सुधारलेली आवृत्ती म्हणावी अशी नव्हतीच, ती नव्याने लिहिलेली प्रणाली होती. एकीतून दुसरीत नेताना माहिती गळायची. विमानात ५०० किलोमीटरहून जास्त वायर. हॅम्बुर्गमध्ये हार्नेस (वायरचे जुडगे) बसवलेले फ्युजलाजचे (विमानाच्या धडाचे) भाग तुलूजला आले आणि जोडायला घेतले तर केबल पोचेनात. मधे कुठेतरी ब्रॅकेट सरकला होता, वाट बदलली होती, आणि ते सामायिक डिजिटल मॉकअपमध्ये (अख्ख्या विमानाच्या संगणकावरच्या प्रतिकृतीत) वेळेवर उतरलं नव्हतं. त्यात काही वायर तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या, त्यांच्या वळणाचे नियम वेगळे. शेकडो जर्मन कामगार तुलूजला जाऊन हाताने वायरिंग करत बसले. जून २००६मध्ये उशीर जाहीर झाला आणि मालक कंपनी ईएडीएसचा शेअर एका दिवसात सुमारे २६ टक्के पडला. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ऑक्टोबर २००७मध्ये, ठरल्यापेक्षा दीडेक वर्ष उशिरा.

चार देशांनी एकच आवृत्ती वापरायची हा निर्णय कुणी रेटला नाही, इथपर्यंत तुमचं राजकारण. पण म्हणून तो डेटाचा प्रश्न नव्हता असं कसं म्हणता? कुणाचं मॉडेल प्रमाण, बदल झाला की कुणी कुणाला कधी कळवायचं, हे ठरवणं हेच डेटा शेअरिंग. सॉफ्टवेअर त्यानंतर येतं. मागच्या लेखातही माझं म्हणणं एवढंच होतं.

आणि इथेच तुमचा दुसरा मुद्दा मला पटत नाही. पीडीएफ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘भागतं’ याचा अर्थ मी एका शॉपमध्ये समोर उभा राहून पाहिलाय. पंपाचं हाउसिंग, त्यात ६२०५ बेअरिंगची सीट, म्हणजे बोअर (भोक) ५२ एच-७. ग्राहकाने स्टेप फाइल पाठवली होती, पीडीएफ ड्रॉइंग नंतर ग्रुपवर टाकलं. प्रोग्रामरने मॉडेल उघडलं, बोअर मोजला, ५२.००० आला, प्रोग्राम केला. आता ५२ एच-७ म्हणजे ५२.००० ते ५२.०३० मिलिमीटर. बोअर धरायचा मध्यावर, ५२.०१५च्या आसपास. नॉमिनलला (नुसत्या ५२.०००ला) सेट केल्यावर टूल जरा झिजला की जॉब खालच्या हद्दीच्या बाहेर. बोअर गेजची सुई शून्याच्या अलीकडे-पलीकडे नाचत होती, ऑपरेटर दर दुसऱ्या जॉबला ऑफसेट (टूलच्या जागेची दुरुस्ती) देत होता आणि सगळे मशीनला शिव्या घालत होते. मशीनचा काय दोष? त्या फाइलमध्ये टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्त फरक) नव्हताच. तो पीडीएफमध्ये होता, आणि पीडीएफ सुपरवायझरच्या फोनमध्ये.

भरीला रिव्हिजन. मॉडेल रिव्हिजन सीचं, पीडीएफ डीचं. डीमध्ये एक टॅप होल (आट्यांचं भोक) दीड मिलिमीटर सरकलेलं. ग्रुपवर ‘लेटेस्ट ड्रॉइंग पाठवलंय’ एवढाच मेसेज, काय बदललं ते नाही. त्या मेसेजच्या वर कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक, खाली गुड मॉर्निंग. अख्खा लॉट सी प्रमाणे टॅप होऊन गेला. रिजेक्शनचं डेबिट नोट कुणाच्या नावावर आलं हे तुम्हाला सांगायला नको. आणि काही जण तर ड्रॉइंगचा मोबाइलवर फोटो काढून पाठवतात. तो कॉम्प्रेस होऊन येतो आणि टॉलरन्सच्या बारीक अक्षरातला इंग्रजी तीन आणि आठ सारखाच दिसतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेसाठी १९९९ साली झालेल्या अभ्यासात तिथल्या वाहन उद्योगाच्या साखळीला असल्या न जुळणाऱ्या डेटामुळे वर्षाला किमान १ अब्ज डॉलरचा भुर्दंड बसतो असा हिशोब निघाला. त्यातला मोठा वाटा होता आलेली फाइल दुरुस्त करण्यात किंवा पुन्हा पहिल्यापासून काढण्यात गेलेल्या वेळेचा. तो वेळ आपल्याकडेही जातो, फक्त पोरगा रात्री थांबून करतो म्हणून तो कुठल्याच कॉस्टिंगमध्ये दिसत नाही. बड्या कंपनीकडे असली दुरुस्ती करायला माणसं असतात. तुमच्याकडे तोच पोरगा प्रोग्रामिंगही करतो आणि डिस्पॅचलाही धावतो. म्हणून ही शिस्त बड्यांपेक्षा तुम्हाला जास्त लागते.

त्यासाठी लाखोंचं पीएलएम (डिझाइनचा सगळा डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या असं मी म्हणत नाहीये, मागेही म्हटलं नव्हतं. कोटेशनमध्ये घालायच्या गोष्टी फुकटच्या आहेत. मॉडेल आणि ड्रॉइंगमध्ये फरक निघाला तर काय प्रमाण धरायचं ते लिहा. बदल फक्त रिव्हिजन नंबर आणि ईसीएनसह (बदलाच्या अधिकृत सूचनेसह) ठरलेल्या ईमेलवर आला तरच ग्राह्य धरू, असं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं चालू राहू दे, पण ते बोलणंच. बदल कळेपर्यंत तयार झालेल्या मालाचं काय, तेही लिहा. ही शेवटची ओळ लिहिली की परचेसचा फोन येतोच. येऊ द्या. लॉट अडकल्यावर येण्यापेक्षा आधी आलेला बरा.

तुम्ही शेवटी जरा कुत्सितपणे विचारलंय, ‘मग कुठली स्टेप मागायची तेही सांगा.’ सांगतो. एपी-२०३ आणि एपी-२१४ या स्टेपच्या जुन्या जाती. भूमिती नीट येते, २१४मध्ये रंग आणि लेयरही येतात. टॉलरन्स आणि जीडी अँड टी (आकार आणि जागेच्या टॉलरन्सच्या खुणा) सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा रूपात हवं असेल तर एपी-२४२ मागा, २०१४पासून आहे. मात्र ग्राहकाच्या डिझायनरने ते मॉडेलवर मुळात टाकलेलं असलं पाहिजे, आणि तुमच्या कॅमला (मशीनचा प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते वाचता आलं पाहिजे; दोन्ही एका नमुना पार्टवर आधी तपासून घ्या. नसेल जमत तर २१४ची फाइल आणि त्याच रिव्हिजनचं पीडीएफ एकाच मेलमध्ये मागा, आणि बोअरसारख्या मापांना प्रोग्रामरने मध्य टॉलरन्स हाताने धरावा. आयजेस कुणी पाठवलं तर परत करा. १९८० सालचा फॉरमॅट आहे, सरफेसच्या कडा उघड्या राहतात आणि त्या शिवण्यात तुमची दुपार जाते.