चोराला बांधून मारण्याचा ‘हक्क’ कोणत्या कायद्यात आहे?

‘१ जुलै २०२४ पासून नवा कायदा! घरात शिरलेल्या चोराला जीवे मारले तरी गुन्हा दाखल होत नाही. संशयित सापडला की बांधून चोप द्या, नागपूरच्या महिलांनी वाट दाखवली आहे.’ हा मजकूर चार जणांकडून आला तेव्हा मी तो पुसून टाकला. पाचव्यांदा तो मामांकडून आला आणि सोबत त्यांच्या सोसायटीने रात्रीच्या गस्तीसाठी लाठ्या घेतल्याची वार्ताही आली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

स्वसंरक्षणाचा हक्क मुळात नवा नाही. १८६० च्या दंड संहितेतील ९६ ते १०६ ही कलमे १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ म्हणून बहुतांशी तशीच आली आहेत. सूर्यास्तानंतर घरफोडी करणाऱ्याला रोखताना त्याचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क पोहोचू शकतो, असे कलम ४१ सांगते. मजकुरातील एवढे अर्धसत्य मान्य करतो. पण कलम ३७ नुसार बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्याइतकी सवड असेल, तर हा हक्कच उरत नाही. ‘गुन्हा दाखल होत नाही’ हे तर धादांत खोटे आहे. स्वसंरक्षणाचा बचाव न्यायालयात शाबीत करण्याचा भार आरोपीवरच असतो.

संताप येतो तो ‘बांधून चोप द्या’ याचा. बांधलेल्या माणसापासून कोणाच्या जिवाला धोका असतो? दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाला पुष्कळ मोकळीक दिली आहे. हल्ला होत असताना त्याने प्रतिकार सोन्याच्या तराजूत तोलावा किंवा पळून जावे, अशी अपेक्षा नाही. त्याच निकालानुसार हा हक्क धोक्याची रास्त भीती वाटताच सुरू होतो आणि ती भीती असेपर्यंतच टिकतो. दोरीची गाठ बसली की तो संपला. पुढची प्रत्येक लाठी हा मारणाऱ्याचा गुन्हा आहे. शिवाय ‘संशयित’ कोण, हे गस्तीवाले कशावरून ठरवणार? १ जुलै २०१८ रोजी, योगायोगाने याच तारखेला, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारले. ते तर चोरही नव्हते.

राहिले नागपूर. तिथल्या कस्तुरबानगर वस्तीतील महिलांनी अक्कू यादव या गुंडाची दहशत वर्षानुवर्षे सोसली आणि पोलिसांनी दुर्लक्ष केले, हे कोण नाकारील? परंतु १३ ऑगस्ट २००४ रोजी न्यायालयातच जमावाने केलेल्या त्याच्या हत्येतील आरोपी २०१४ मध्ये सुटले ते पुराव्याअभावी. ‘योग्य केले’ असा निवाडा कोणी दिलेला नाही.

मामांना मी उत्तरादाखल भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचे, कलम ४० पाठवले आहे. डोळ्यांदेखत अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही पकडू शकतो, मात्र त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. त्याखाली ११२ हा पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा क्रमांक लिहिला आहे. मामांनी तो अजून गटावर टाकलेला नाही.