तीन गोळ्या, दोन गाळे आणि ओस्वाल्ड

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या १९६३ मधल्या खुनाचा विषय निघाला की कोणीतरी हा हिशोब हमखास मांडतंच: त्या रायफलीला दोन गोळ्यांच्या मध्ये किमान २.३ सेकंद लागतात, गोळ्या तीन, म्हणजे ६.९ सेकंद. वेळ त्याहून कमी होता, सबब ज्याच्यावर आरोप आहे तो ली हार्वे ओस्वाल्ड निर्दोष!

अहो, पहिली गोळी आधीच भरलेली असते. तीन खांबांत गाळे दोनच, तसा बोल्टही (पुढची गोळी भरायचा खटका) दोनदाच ओढायचा. झाले ४.६ सेकंद. खून होताना झॅप्रुडर नावाच्या बघ्याने टिपलेली फिल्म सेकंदाला १८.३ फ्रेम या वेगाची. डोक्यावरची गोळी फ्रेम ३१३ ला. खुनाचा तपास करणाऱ्या सरकारी वॉरन आयोगाने केनेडींना आधीची गोळी लागल्याचं धरलं २१० ते २२५ च्या दरम्यान. वजाबाकी करा, ४.८ ते ५.६ सेकंद येतात. आणि चुकलेली गोळी सगळ्यात आधी, १६० च्या आसपास सुटली असं धरलं तर आठ सेकंदांच्या वर वेळ मिळतो.

केनेडींच्या अंगातून जाऊन पुढे बसलेल्या टेक्सासच्या गव्हर्नर कॉनलींनाही लागली म्हणतात, ती ‘जादूची गोळी’ हवेत वळते ती चित्रात. त्या चित्रांत कॉनली केनेडींच्या बरोब्बर पुढे, त्याच उंचीवर बसवलेले असतात. प्रत्यक्षात त्यांची घडीची सीट खाली होती आणि गाडीच्या आतल्या बाजूला सरकलेली. तसं बसवलं की रेषा सरळ जाते. मात्र ही गोळी इस्पितळात स्ट्रेचरवर सापडली, आणि ती कोणाच्या हातातून कोणाकडे गेली याची नोंद ढिली आहे. बचावाच्या वकिलाने इथे घाम फोडला असता.

बंदूक चालवल्याच्या खुणा कातडीवर शोधणाऱ्या पॅराफिन चाचणीचंही तेच. ओस्वाल्डचे हात पॉझिटिव्ह, गाल निगेटिव्ह, म्हणून रायफल चालवलीच नाही म्हणे. एफबीआयने तीच रायफल झाडून बघितली, झाडणाऱ्याचा गालही निगेटिव्ह आला, कारण बोल्ट बंद असताना मागे वायू फारसा निसटत नाही. शिवाय ही चाचणी नायट्रेट पकडते, ते तंबाखूतही असतं. म्हणून मी हातावरचा पॉझिटिव्हही पुराव्यात धरत नाही.

धरायचं ते वेगळंच. रायफल क्रमांक सी२७६६, शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेली, पोस्टेजसह २१.४५ डॉलर, ‘हिडेल’ या खोट्या नावाने. ऑर्डरवरचं हस्ताक्षर ओस्वाल्डचं. त्याच दिवशी मारले गेलेले पोलीस अधिकारी टिपिट यांच्या खुनाच्या जागी सापडलेल्या चार पुंगळ्या त्याच्याकडे मिळालेल्या रिव्हॉल्वरशी जुळल्या. याला उत्तर न देता रशियन हेरांवर बोलण्यात काय हशील?

संशय हवेतून आला नाही, हेही मान्य. ओस्वाल्डची चिठ्ठी एफबीआयच्या एजंटने नष्ट केली. क्यूबाच्या कॅस्ट्रोला मारायचे बेत सीआयएने आयोगापासून लपवले. शवविच्छेदनाचा पहिला मसुदा डॉक्टरांनी जाळला. पण ‘मागे कोण होतं’ आणि ‘घोडा कोणी ओढला’ हे दोन प्रश्न आहेत. १९७९ च्या संसदीय समितीने कट ‘बहुधा’ होता म्हटलं, ते सगळे सांगतात. केनेडींना लागलेल्या गोळ्या ओस्वाल्डच्याच, हे त्याच अहवालातलं वाक्य गाळतात. तो ‘बहुधा’सुद्धा मुख्यतः पोलिसांच्या वायरलेसच्या ध्वनिमुद्रणावर उभा होता. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने दाखवलं की ते आवाज गोळीबारानंतर सुमारे मिनिटभराने आलेत.

खटला झालाच नाही, कारण दोन दिवसांत जॅक रुबी या नाइटक्लबच्या मालकाने पोलीस मुख्यालयाच्या तळघरात, कॅमेऱ्यांसमोर ओस्वाल्डला उडवलं. १९८१ मध्ये तर ओस्वाल्डची कबर उकरून दात तपासले, पुरलेला माणूस रशियन तोतया असल्याचा संशय होता म्हणून. दात जुळले. मग डोकंच बदललं असणार, म्हणणारे निघाले.